परक्या गावातली मोकळीक

अकोल्याचे जुने शहर मोर्णा नदीच्या पश्चिम काठावर आहे. नदीपलीकडे स्टेशन, कचेऱ्या, ताजनापेठ, मोठी दुकाने. अलीकडे असदगड किल्ला, दहीहंडा वेस आणि एकमेकांना खेटून उभी असलेली घरे. किल्ल्याचे बांधकाम 1697 च्या सुमाराचे, औरंगजेबाच्या काळातले. बुरुजांची पडझड झाली, पण वस्तीची राहणी अजून वेशीच्या आतलीच आहे. उंबरठ्यासमोर उंबरठा असतो. कोणाच्या घरी कोण आले, किती वाजता गेले, हे साऱ्या गल्लीला ठाऊक असते. अडीअडचणीला धावून येणारी हीच गल्ली, आणि पाळत ठेवणारीही हीच.

अशा वस्तीत पुरुषांना पुरुषांच्या संगतीचा तोटा नाही. चहाची टपरी, पानठेला, पुलाचा कठडा, कुठेही चार जण बसलेले दिसतात. दोन मित्र गळ्यात हात टाकून चालतात, एकाच ताटात जेवतात. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की गच्चीवर एका गोधडीवर झोपतात. कोणी वाकड्या नजरेने पाहत नाही. परदेशातून आलेल्या माणसाला हे पाहून नवल वाटते. त्याच्या देशात असे दोन पुरुष दिसले की लोक लगेच काहीतरी ठरवून टाकतात.

परंतु त्या दोघांपैकी एकाच्या मनात मैत्रीहून अधिक काही असेल तर? बाईऐवजी पुरुषावरच त्याचा जीव जडत असेल तर? अशी मुले आपल्याही वस्त्यांत आहेत. हमालाच्या घरात आहेत, शिक्षकाच्या घरातही आहेत. गल्लीची ही मोकळीक त्यांना काही वर्षे सांभाळून घेते. पंचविशी उलटली की घरात स्थळांची बोलणी सुरू होतात आणि ती मोकळीक संपते. तो लग्नाला 'नाही' म्हणतो, पण का ते सांगू शकत नाही. शेवटी लग्न होते आणि कोणत्या तरी गावची एक लेक, तिचा काहीही दोष नसताना, त्यात होरपळते. या मुलीचे दुःख कोणी मोजत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

हा विषय कुटुंबाच्या पानावर कशाला, असे कोणी म्हणेल. त्यांनी 1934 सालचा खटला आठवावा. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली जात. त्यावरून अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा कर्व्यांचे वकीलपत्र घेतले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील ठरत नाही, अशी बाबासाहेबांची बाजू होती. खटला हरला, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पण ज्या विषयावर बोलायला प्रतिष्ठित समाज कचरत होता, त्यावर बाबासाहेब भर कोर्टात बोलले. मग आपण घरात बोलायला काय हरकत आहे?

आता थोडे थायलंडकडे वळू. आपल्याकडची मंडळी तिथे विहार पाहायला जातात आणि मूर्तींच्या, बाजाराच्या गोष्टी घेऊन परततात. त्याच देशातल्या चियांग माई, उदोन थानी यांसारख्या शहरांत समलिंगी परदेशी पाहुण्यांचे वेगळेच जग आहे. बँकॉकसारखा झगमगाट तिथे नाही. गल्लीच्या तोंडाशी एखादा छोटा बार, चार टेबले, ओळखीचे मालक. युरोप-अमेरिकेतला निवृत्त गृहस्थ तिथे संध्याकाळी निवांत बसतो. उदोन थानीत व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकन विमानतळ होता, त्यामुळे गोरा माणूस तिथे नवा नाही. कायद्याची भीतीही नाही. असे संबंध गुन्हा ठरवणारे कलम त्या देशाने 1956 सालीच काढून टाकले. इंग्रजांनी आपल्याला दिलेले कलम 377 मात्र 1860 च्या दंडसंहितेपासून आपल्या मानगुटीवर होते.

म्हणून तो देश स्वर्ग, असे समजू नये. पाहुण्याला मिळते ती मोकळीक त्याच्या खिशाची आणि परकेपणाची असते. त्याची आत्या त्या गल्लीत राहत नाही, त्याच्या चुलतभावाचे दुकान कोपऱ्यावर नसते. टेबलावर थंड बाटली आणून ठेवणारा तरुण बहुधा जवळच्या खेड्यातल्या भातशेतकऱ्याचा मुलगा असतो. महिन्याला घरी पैसे पाठवतो. घरचे त्याला हाकलत नाहीत आणि विचारतही नाहीत. खेड्यातल्या विहाराच्या जत्रेत स्त्रीवेशातल्या 'कथोय' मंडळींच्या सौंदर्यस्पर्धा होतात, लोक टाळ्या वाजवतात. पण हीच माणसे हक्क मागत रस्त्यावर आली तेव्हा काय झाले? 2009 च्या फेब्रुवारीत चियांग माईत त्यांची मिरवणूक जमावाने अडवली. ती निघायला 2019 उजाडले. 23 जानेवारी 2025 पासून मात्र तिथे दोन पुरुषांचे किंवा दोन स्त्रियांचे लग्न कायद्याने नोंदवता येते. पहिल्याच दिवशी अठराशेहून अधिक जोडप्यांनी नोंदणी केली. माझ्या मते बारमधल्या टेबलापेक्षा त्या कचेरीतल्या रांगेचे मोल मोठे. त्या रांगेत गावचाच माणूस आपल्या नावगावासह उभा राहू शकतो.

आपल्या वऱ्हाडातही एकदा असे घडले. डिसेंबर 2017 मध्ये यवतमाळच्या एका हॉटेलात तिथल्याच एका तरुणाने आपल्या परदेशी जोडीदाराशी लग्नसोहळा केला. नातेवाईक, मित्र जमले. वर्तमानपत्रांतून बातमी गाजली. त्या वेळी कलम 377 लागू होते, हे ध्यानात घ्या. 2009 साली दिल्ली हायकोर्टाने दिलेला दिलासा सुप्रीम कोर्टाने 2013 साली काढून घेतला होता. तरीही तो तरुण धजावला. धैर्याचे कौतुक आहेच. पण तो अमेरिकेत नोकरीला होता, सोहळा आटोपून विमानात बसणार होता. जुन्या शहरातल्या दालमिलमध्ये रोजीने जाणाऱ्या मुलाला दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून सायकल काढायची असते.

6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना गुन्ह्यातून मोकळे केले. त्या निकालाचा मोठा आधार 'संवैधानिक नैतिकता' हा होता. संविधान सभेत 4 नोव्हेंबर 1948 ला बाबासाहेबांनी सांगितलेली ती कल्पना. लग्नाचा हक्क मात्र 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालाने नाकारला. म्हणजे आता पोलिसाला भ्यायचे कारण उरले नाही, निदान कागदावर. काकाचे, मामाचे, घरमालकाचे भय कोणत्या कोर्टाने घालवायचे?

शिवाय ज्यांना घरात बोलायची सोय नाही ते बाहेर बसतात, आणि बाहेर बसणाऱ्यावर पहिली गदा येते. 13 मे 2023 च्या रात्री जुन्या शहरात दंगल झाली, एकाचा जीव गेला, जमावबंदी लागली. त्रास सर्वांनाच झाला. ज्यांची संगत फक्त अंधारातल्या कट्ट्यावरची होती, त्यांनी तो कट्टाही गमावला. त्यांनी तक्रार तरी कोणाकडे न्यावी?

मोठ्या शहरांत थोडी सोय झाली आहे. मुंबईत अशोक राव कवी यांनी 1990 साली 'बॉम्बे दोस्त' काढले, 1994 साली हमसफर ट्रस्ट उभा राहिला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी 2002 साली समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि या विषयावर मराठीत पुस्तके लिहिली. हे काम मला विशेष वाटते, कारण ती पुस्तके आईही वाचू शकते. नागपुरातही सारथी ट्रस्ट आहे.

नागपूर अकोल्याहून रेल्वेने अडीचशे किलोमीटर. आपला मुलगा रविवारी जनरलच्या डब्यात उभा राहून तिथे जातो, दुपारभर आपल्यासारख्यांत बसतो, मोठ्याने हसतो. तिथे त्याला कोणी ओळखत नाही. त्या दुपारपुरता तोही परदेशी पाहुणाच होतो, फक्त खिशात परतीच्या तिकिटापुरते पैसे असतात. रात्रीच्या गाडीने उतरून मोर्णेचा पूल ओलांडला की टपरीवरून हाक येते, "कुठी गेल्ता रे?" तो म्हणतो, "मित्राच्या लग्नाले."