वॉटसनचे हॉटेल

मुंबईस काळ्या घोड्याच्या परिसरात ससून वाचनालयाच्या पायऱ्यांवर उभे राहिले, म्हणजे जवळच एक लोखंडी सांगाड्याची थोराड इमारत दृष्टीस पडते. एस्प्लनेड मॅन्शन हे तिचे अलीकडचे नाव. पण मुंबईचा इतिहास वाचण्याचे ज्यांना वेड आहे, त्यांच्या लेखी ते वॉटसनचे हॉटेलच होय. आम्ही त्या वेड्यांपैकी एक आहोत; आणि म्हणूनच एक जुनी गोष्ट वाचकांपाशी कबूल करावीशी वाटते.

२००३ साली आम्ही या वास्तूच्या पोटात शिरलो, ते काही रसिकतेने नव्हे. हॉटेल बंद होऊन तेव्हा कित्येक वर्षे लोटली होती, आणि न्यायालये जवळ असल्यामुळे त्याच्या खोल्याखोल्यांतून वकिलांच्या कचेऱ्या थाटल्या होत्या. आमच्या वडिलार्जित वाड्याच्या विक्रीचे कागद तेथे व्हावयाचे होते. वकीलसाहेब कामात होते. कारकुनाने तासाभराने येण्यास सांगितले. तो तास आम्ही जिने चढण्याउतरण्यात घालविला.

मधल्या ज्या चौकात एके काळी काचेच्या छपराखाली गोऱ्या स्त्रीपुरुषांचे नृत्य चाले, तेथे कचऱ्याचा ढीग साचला होता. प्रशस्त दालनांत फळ्यांचे आडोसे घालून त्यांची खुराडी केली होती. विजेच्या तारा वेलींसारख्या लोंबत होत्या. पण त्या अवकळेतूनही लोखंडाचे खांब डौलाने उभे होते. हा सारा सांगाडा इंग्लंडात ओतवून, सुटा सुटा जहाजाने आणून, १८६७ ते १८६९ या काळात येथे जोडला गेला. त्याचा आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्याचा. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकाच्या अवाढव्य छपरातही त्याचा हात होता.

एका गॅलरीशी येताच आम्हांस मार्क ट्वेनची आठवण झाली. १८९६ च्या जानेवारीत तो येथे उतरला होता. मुंबईच्या कावळ्यांवर त्याने केलेली थट्टा आम्ही विद्यार्थ्यांस अनेकदा मोठ्या हौसेने वाचून दाखविली आहे. परंतु त्याच पुस्तकात आणखी एक प्रसंग आहे. सामान लावून देण्यास आलेल्या एका धिप्पाड जर्मनाने किरकोळ चुकीबद्दल हिंदी नोकराच्या जबड्यावर ठोसा लगावला, नोकराने तो मुकाट्याने सोसला, आणि ट्वेनला आपल्या बालपणीची गुलामांची दुनिया आठवली. हा उतारा मात्र आम्ही वर्गात क्वचितच वाचला. त्याच वर्षी ७ जुलै रोजी याच हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखविण्यात आली, हे सांगावयास आम्ही कधी विसरत नाही. टाटांना येथे मज्जाव झाला म्हणून त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधले, ही आख्यायिकाही आम्ही रंगवून सांगत असू. अभ्यासक तिला संशयास्पद मानतात, हे पुढे कळले. जुन्या वास्तूंचे आम्हांस आवडते तेवढेच आठवते, असे दिसते.

आम्ही गॅलरीच्या कठड्याकडे वळणार, तोच मागून कचेरीतील म्हाताऱ्या शिपायाने हाक मारली. "साहेब, तिथं उभे राहू नका. कठडा हलतो."

"काय इमारत आहे हो ही!" आम्ही म्हणालो.

"बघायला येणाऱ्याला बरं वाटतं," तो म्हणाला. "आम्हांला रोज हिच्याखालून जायचं असतं."

त्यानंतर आम्ही आत जाऊन सह्या केल्या.

सही करताना आमचे डोळे भरून आले होते, हे खोटे नाही. परंतु त्या वाड्यात एकट्या राहणाऱ्या काकूंनी आम्हांस निरोप धाडला होता, "जे काय करायचं ते पावसाळ्याआधी करा." त्यांच्या अंथरुणावर गळत होते. आम्ही उन्हाळ्याच्या सुटीत जात असू, ओटीवर पहुडून तुळयांची वाखाणणी करीत असू, आणि जून लागण्यापूर्वी परतत असू. कौले शाकारण्यास आम्ही इतक्या वर्षांत एक रुपयाही धाडला नव्हता.

२००५ च्या पावसाळ्यात वॉटसनच्या इमारतीच्या गॅलऱ्यांचा काही भाग रस्त्यावर कोसळला आणि एका माणसाचा जीव गेला. ती वार्ता वाचताना तो शिपाई डोळ्यांपुढे उभा राहिला. पुढे २०१९ साली उच्च न्यायालयाच्या आदेशाने सारी इमारत रिकामी करण्यात आली. ती पाडावी, असा एका तज्ज्ञमंडळाचा अहवाल आला. ती दुरुस्त होण्याजोगी आहे, असे दुसरे तज्ज्ञ म्हणाले. आमचे मत विचाराल तर ती राहावी, असेच आम्ही म्हणू; हिंदुस्थानात लोखंडाच्या सांगाड्यावर उभे राहिलेले इतके जुने बहुमजली घर दुसरे नाही.

परंतु हे म्हणताना आता आमचा स्वर पूर्वीइतका चढत नाही. वाडा विकला याचा आम्हांस आज पश्चात्ताप होत नाही. काकूंची अखेरची वर्षे कोरड्या अंथरुणात गेली. पश्चात्ताप होतो तो विक्रीपूर्वीच्या वीस पावसाळ्यांचा. वास्तू एका दिवसात पडत नाही. तिच्यावर प्रेम असल्याचे सांगणारे आमच्यासारखे लोक दरवर्षी जूनच्या आधी परत जातात, म्हणून ती पडते.