पाण्याच्या पायऱ्या

मित्रांसोबत होडीतून कालव्याचं लॉक ओलांडण्यात खरी गंमत थांबण्याची असते. दोन दारांमधल्या हौदात होडी शिरते, मागचं दार लागतं, झडपा उघडतात आणि पाणी भरेल तशी होडी वर येते. इंग्लंडच्या अरुंद कालव्यांवर हे काम बहुतेक ठिकाणी प्रवासीच करतात. एक जण होडी सांभाळतो, दुसरा झडप फिरवतो, तिसरा दाराला पाठ लावतो. दोन्हीकडचं पाणी समपातळीला येईपर्यंत दार हलत नाही, म्हणून घाई कुणालाच परवडत नाही. तलावांचा जिल्हा म्हणवणाऱ्या गोंदियात हे सुख का नाही? माझं म्हणणं असं की इथलं पाणी वेगळ्या कामाला लागलं, आणि तेच योग्य झालं.

लॉकचं स्वप्न इकडच्या नद्यांनी पाहिलं होतं. वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीला मिळते. या वाटेने मध्य प्रांताचा कापूस समुद्राकडे न्यावा, ही ब्रिटिश अभियंते आर्थर कॉटन यांची कल्पना. वाटेतले खडकाळ अडथळे ओलांडण्यासाठी गोदावरीवर दुम्मागुडेमला बंधारा आणि लॉक बांधली गेली, पण 1871 मध्ये योजना सोडून देण्यात आली. कुणी म्हणेल, 1867 मध्ये नागपूरला पोचलेल्या रेल्वेने जलमार्ग मारला. ते अर्धंच खरं. पावसाळ्यात फोफावणारी आणि उन्हाळ्यात वाळूत हरवणारी नदी बारमाही होड्या कशी वाहणार? शिवाय लॉक पाणी पितं. पनामा कालव्यातून एक जहाज गेलं की सुमारे 20 कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात जातं. 2023 च्या दुष्काळात तिथे जहाजांची संख्या घटवावी लागली. 2016 च्या कायद्याने जाहीर झालेल्या 111 राष्ट्रीय जलमार्गांत वैनगंगा-प्राणहिताही आहे, पण कागदावर नाव आल्याने वैशाखात नदी भरत नाही.

गोंदियाने होडीला पायऱ्या चढवण्याऐवजी पाण्यालाच पायऱ्या उतरवल्या. कोहळी समाजाने उतार ओळखून पाळी, म्हणजे मातीचे बांध, घातल्या. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने सांगितला जातो. वरच्या तलावाचा सांडवा खालच्याला भरतो, आणि हस्त कोरडा गेला की लोंबीवर आलेला धान त्याच साठ्यावर तगतो. पाण्यात मासे असतात, त्यावर मासेमार ढिवरांचे डोंगे फिरतात. आज धापेवाड्याला वैनगंगेचं पाणीच पंपाने वर उचललं जातं. तलावांच्या जुन्या व्यवस्थेचा मी गौरव करतो म्हटल्यावर आक्षेप येईल की तलाव मालगुजाराचे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या गावमालकाचे होते, गावाचे नव्हते. आक्षेप रास्त आहे. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, ते न्याय्यच झालं. पण तलाव सरकारकडे गेले, तेव्हा पाळीची डागडुजी आणि गाळ काढणं हे कुणाचं काम, हा प्रश्न मात्र अधांतरी राहिला. लॉकमधल्या होडीत हा प्रश्न उरत नाही, कारण ज्याला पुढे जायचं त्यालाच दार ढकलावं लागतं. पर्यटनासाठी गोंदियात लॉक उभारण्याची गरज नाही. तलावाच्या पाण्यावर जगणाऱ्या शेतकऱ्याला आणि ढिवराला त्या तलावाच्या दारावर हक्क आणि जबाबदारी दोन्ही मिळायला हवीत.