आम्हाला विचारणाऱ्या बायका

बाबा गेले २००९ साली, कापूस वेचणीच्या दिवसांत. आई त्याआधीच आजारपणात गेली होती. मी अकरा वर्षांची, भाऊ सहाचा. घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावात तेरवीच्या दुपारी मोठी माणसं ओसरीवर बसून आमचं काय करायचं ते ठरवत होती. भाऊ मोठ्या बाबांकडे राहील, मला वसतिगृहात टाकायचं. पोरीची जोखीम कोण घेणार? यात कुणाचा दुष्टावा नव्हता. सगळ्यांचीच घरं नापिकीनं खंगलेली, आणि दोन तोंडं वाढणं म्हणजे काय, हे प्रत्येकाला माहीत होतं.

शेजारच्या अंगणवाडीच्या बाई मदतीला आल्या होत्या. चहाचे कप गोळा करता करता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "लेकरं काई वाटनीतलं वावर नोहे, अर्धं तुले अर्धं मले कराले."

"मंग तुम्ही पोसान का, बाई?" मोठ्या बाबांनी विचारलं.

"मी नाई पोसू शकत. पन पोसनाऱ्याले सरकार हातभार लावते, ते मले मालूम हाय."

तो हातभार म्हणजे बालसंगोपन योजना. आईबाप गमावलेलं किंवा आईबापांना सांभाळणं अशक्य झालेलं मूल बालगृहात न पाठवता कुटुंबातच वाढावं, यासाठी महाराष्ट्र सरकार त्या कुटुंबाला दरमहा रक्कम देतं. तेव्हा ती ४२५ रुपये होती. आमच्या गावात हे नावही कुणी ऐकलं नव्हतं. मामी तेरवीला आलेली होती. ती स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि मामाकडे न बघताच म्हणाली, "दोघंबी माह्या घरी येतीन." मामाची चार एकर कोरडवाहू, पदरात स्वतःची तीन लेकरं. रक्ताचं नातं मामाशी होतं, पण निर्णय मामीनं घेतला.

त्यानंतर बाईंनी जे केलं ते मला तेव्हा कळलं नव्हतं. आज दुसऱ्यांच्या लेकरांचे अर्ज भरताना रोज कळतं. आईबाबांचे मृत्यूचे दाखले, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, शाळेचं बोनाफाईड, बँकेचं खातं. शिवाय सांभाळणाऱ्या पालकांसोबत घरासमोर उभं राहून काढलेला मुलांचा फोटो. मामीनं त्या फोटोसाठी ठेवणीतलं लुगडं नेसलं आणि भावाला कडेवर घेतलं, सहा वर्षांच्या घोड्याला! तो फोटो फाइलमध्ये गेला, एक प्रत माझ्याकडे आहे. अंगणवाडीच्या तुटपुंज्या मानधनातून बाईंनी एसटीची तिकिटं काढली. पुढे मी पैसे विचारले तेव्हा त्यांनी विषयच बदलला.

मग यवतमाळला बालकल्याण समितीपुढे गेलो. ही समिती कायद्यानं प्रत्येक जिल्ह्यात असते: एक अध्यक्ष, चार सदस्य, आणि मिळून अधिकार न्यायदंडाधिकाऱ्याचे. मी चळाचळा कापत होते. समितीतल्या एका बाईंनी मामा-मामी, मोठे बाबा, सगळ्यांना बाहेर बसायला सांगितलं. दार लोटलं. मला पाणी दिलं आणि विचारलं, "तुला कुठं राहायचं आहे?"

बाबा गेल्यापासून हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. "भाऊ राहीन तिथं," मी म्हणाले. त्यांनी ते लिहून घेतलं. नंतर भावालाही वेगळं विचारलं. तो म्हणाला, "मामीच्या घरी बकरी हाय." तेही त्यांनी लिहिलं.

मुलाशी संबंधित निर्णयात त्याचं म्हणणं ऐकलं जाणं हा त्याचा हक्क आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारात तो बाराव्या कलमात आहे, भारतानं तो करार १९९२ साली स्वीकारला, आणि आपल्या २०१५च्या बालन्याय कायद्यात मुलाचा सहभाग हे तत्त्व म्हणून नोंदलं आहे. मला हे सगळं फार नंतर वाचायला मिळालं. पण ज्या बाईंनी अकरा वर्षांच्या, नाक ओढणाऱ्या पोरीचं वाक्य सरकारी कागदावर उतरवलं, त्यांच्यामुळे मी आज माणसांत आहे. त्यांचं नाव मला तेव्हा विचारता आलं नाही.

अनुदान महिनोन्महिने थकायचं, मग एकदम यायचं. मामी त्याला हात लावायची नाही. जूनमध्ये वह्या, दप्तर, भावाचे बूट. धान्य मात्र तिच्या घरचंच. तिच्या पोरांच्या ताटात जे असे, तेच आमच्या ताटात असे.

बाबा गेले ते आत्महत्येनं. आमच्या जिल्ह्यात शेतकरी आत्महत्यांचा हा प्रश्न जुना आहे. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी मालती आणि चार लेकरांसह जीवन संपवलं. त्या दिवसाचं स्मरण म्हणून आता दरवर्षी अन्नत्याग होतो. त्या चार लेकरांचा विचार मी पुन्हापुन्हा करते. शेतकरी आत्महत्येनंतर चौकशी होते ती सातबाऱ्याची आणि कर्जाची; प्रकरण पात्र ठरलं तर कुटुंबाला एक लाख रुपये. बाबांच्या नावावर जमीनच नव्हती, वावर आजोबांचं. प्रकरण अपात्र झालं. बाप शेतकरी होता की नव्हता हे कागदावर ठरेल, पण लेकरं उघडी पडली यात काय शंका?

अठरा वर्षं पूर्ण झाली आणि माझं अनुदान बंद झालं. मी तेव्हा बारावी झाले होते. संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी कायद्यात अनुरक्षणाची, म्हणजे पुढच्या आधाराची, तरतूद आहे. मामीच्या घरात वाढलेल्या मुलीसाठी ती नव्हती. माझं पुढचं शिक्षण मामीच्या मंगळसूत्रावर झालं.

यानंतर काही गोष्टी सुधारल्या, आणि त्या भांडल्यामुळे सुधारल्या. गोव्यातल्या अनाथाश्रमात वाढलेल्या अमृता करवंदे यांनी आवाज उठवला, म्हणून जानेवारी २०१८मध्ये महाराष्ट्रानं अनाथांना एक टक्का आरक्षण दिलं. पुढे नातेवाइकांकडे वाढलेले अनाथही 'संस्थाबाह्य' म्हणून त्यात आले. संगोपनाची रक्कम आधी ११००, मग २०२३मध्ये २२५० रुपये झाली. योजनेला सावित्रीबाईंचं नाव मिळालं. तरी आजही मी गावात जाते तेव्हा आजीच्या मांडीवर बसलेलं लेकरू दिसतं आणि आजीला योजनेचा पत्ता नसतो.

मामीचं ऋण फिटणार नाही, आणि ते फेडायला ती देतही नाही. बाई निवृत्त झाल्या. माझ्या हाती आहे ते एवढंच, की त्यांच्यासारखं मधे बोलावं.

म्हणून वाचकांना विनंती आहे. तुमच्या गावात, वाडीत, भावकीत आईबापाविना लेकरू असेल तर जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात जा, किंवा १०९८ला फोन करा. भावंडं असतील तर त्यांची ताटातूट होऊ देऊ नका. आणि आमदारांना भेटाल तेव्हा सांगा, की नातेवाइकांच्या घरी वाढणाऱ्या मुलांचं अनुदान अठराव्या वर्षी तोडू नका, शिक्षण पूर्ण होईपर्यंत चालू ठेवा.