समुद्राकडे पाठ करून

लंडनहून आलेला मराठी पाहुणा ब्रायटनच्या स्टेशनातून बाहेर पडतो आणि उताराच्या सरळ रस्त्याने थेट समुद्र गाठतो. त्याचं कारणही ठरलेलं असतं. १९०९ साली थोरल्या भावाला जन्मठेप झालेली, मदनलाल धिंग्रा फासावर गेलेले, लंडनचं इंडिया हाउस मोडलेलं, अशा दिवसांत सावरकर इथे आले आणि निरंजन पाल सोबत असताना याच किनाऱ्यावर त्यांना ती समुद्राला उद्देशून लिहिलेली कविता सुचली. किनाऱ्याला वाळू नाही, नुसते गोटे. त्या गोट्यांवर तोल सावरत फोटो काढले जातात, कोणीतरी मोबाइलवर गाणं लावतं, मग रॉयल पॅव्हेलियनचे घुमट बघून मंडळी परतीच्या गाडीत बसतात.

या खेपेस मी समुद्राकडे पाठ केली आणि लेन्समध्ये, म्हणजे जुन्या गावाच्या बोळांत, शिरलो.

जुनं ब्रायटन फार लहान होतं. वर नॉर्थ स्ट्रीट, दोन्ही अंगांना ईस्ट आणि वेस्ट स्ट्रीट, चौथ्या बाजूला पाणी. एवढ्यात कोळ्यांचं सगळं गाव मावायचं. १५१४ मध्ये फ्रेंचांनी येऊन ते जाळलं. टेकडीवरचं सेंट निकोलसचं चर्च वाचलं. किनाऱ्यालगत खालच्या अंगाला आणखी एक वस्ती होती, तिचा निकाल १७०३ आणि १७०५ च्या वादळांनी लावला. गावाच्या मधोमध मात्र मोकळी जमीन होती. जाळ्यांना आणि दोरांना वाख लागतो, म्हणून तिथे हेंपचं पीक घेत. त्या पट्ट्यांना हेंपशेअर्स म्हणत. वस्ती वाढली तशी पट्ट्यांवर घरं चढली आणि मधल्या पायवाटांचे बोळ झाले. म्हणूनच असावं, इथला बोळ सरळ जायचं नाव घेत नाही.

मीटिंग हाउस लेनमध्ये समोरून कोणी बाबागाडी घेऊन आलं की एकाने दुकानाच्या पायरीवर चढायचं, हा इथला रिवाज. दोन्ही हातांना सराफांची दुकानं. काचेमागे जुन्या अंगठ्यांचे ट्रे आणि प्रत्येक अंगठीला दोऱ्याने बांधलेली, बारीक अक्षरात किंमत लिहिलेली चिठ्ठी. लग्न ठरलेली जोडपी एका काचेवरून दुसरीवर सरकत असतात. त्यांच्या मागे अडकून पडलं की भिंती बघायला भरपूर वेळ मिळतो.

आणि भिंती बघण्यासारख्याच आहेत. कोकणात घर म्हटलं की हाताशी जांभा, तशी या किनाऱ्यावर गारगोटी. समुद्राने गोल केलेले गोटे चुन्यात ओळीने बसवून काढलेल्या भिंती अजून दिसतात, काही डांबर फासून काळ्या केलेल्या. खरी गंमत गिलाव्याच्या आत आहे. बांधकामाच्या त्या प्रकाराला इथे ‘बंगरूश’ म्हणतात. फळ्यांचा साचा उभा करायचा, त्यात गारगोट्या, विटांचे तुकडे, खडे, मिळेल तो चुरा आणि चुना भरायचा, घट्ट झालं की फळ्या काढायच्या आणि वरून गुळगुळीत गिलावा मारायचा. शहरातल्या कित्येक देखण्या पांढऱ्या घरांच्या पोटात हाच माल आहे. पाणी मुरलं की चुना सुटतो. पाण्याचा जोरदार पाइप नेम धरून मारला तर ब्रायटनचा बराच भाग वाहून जाईल, असा विनोद इथे पूर्वापार चालत आलाय. एका ठिकाणी गिलावा हातभर निघालेला होता आणि आतून विटेचा लाल तुकडा, त्याला चिकटलेला गोटा, मध्ये पांढरी भुकटी असं सगळं दिसत होतं. बोट लावायचा मोह आवरला.

शेजारच्या ब्लॅक लायन स्ट्रीटचा इतिहास जास्त तिखट. इथला बिअर गाळणारा डेरिक कार्व्हर हा फ्लेमिश माणूस, धर्माने प्रॉटेस्टंट. मेरी राणीच्या कारकिर्दीत, जुलै १५५५ मध्ये त्याला लुईस गावात पिंपात उभं करून जिवंत जाळलं. त्याचं बायबलही पिंपात टाकलं होतं, ते त्याने उचलून गर्दीत भिरकावलं. आज त्याच रस्त्यावर क्रिकेटर्स नावाचा पब आपण १५४७ पासूनचे असल्याचं सांगतो आणि ग्रॅहम ग्रीनच्या ‘ब्रायटन रॉक’ कादंबरीतल्या उल्लेखाचंही भांडवल करतो. करू दे. जवळच युनियन स्ट्रीटवरच्या जुन्या चॅपलचाही आता पबच झालाय.

या कोळीवाड्याचं नशीब फिरवलं ते डॉक्टरांनी. लुईसचे डॉ. रिचर्ड रसेल रोग्यांना समुद्राच्या पाण्यात बुडवायचे आणि वर ते प्यायलाही लावायचे. १७५० मध्ये त्यांनी त्यावर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला. पैसेवाले रोगी लोटले. १७८३ मध्ये युवराज जॉर्ज पहिल्यांदा आला, त्याच्यामागे दरबारी, शिंपी, सराफ. मग १८१४ मध्ये पाटण्याचे शेख दीन मोहम्मद आले. लंडनमधलं त्यांचं ‘हिंदुस्तानी कॉफी हाउस’ बुडालं होतं. इथे ईस्ट स्ट्रीटच्या तोंडाशी, आज क्वीन्स हॉटेल आहे तिथे, त्यांनी वाफेची न्हाणीघरं आणि मालिश सुरू केली. बऱ्या झालेल्या रोग्यांच्या कुबड्या ते भिंतीवर टांगून ठेवत. दोन राजांचे ‘शॅम्पूइंग सर्जन’ म्हणून त्यांची नेमणूक झाली. माणसाला जाहिरात कळत होती!

मिडल स्ट्रीटला मात्र बोळांची गर्दी पोचत नाही. २० नंबरमध्ये विल्यम फ्रीझ-ग्रीन या सिनेमाच्या सुरुवातीच्या खटपट्यांपैकी एकाची कार्यशाळा होती. समोरच्या अंगाला हिप्पोड्रोम: १८९७ ची बर्फावर घसरण्याची जागा, १९०१ मध्ये सर्कस, पुढे नाट्यगृह, १९६४ मध्ये बीटल्स, नंतर बिंगो, आणि मग कित्येक वर्षं नुसतं कुलूप.

त्याच रस्त्यावर पिवळ्या विटांचं, बाहेरून फारसं नजरेत न भरणारं सिनेगॉग आहे, १८७५ चं. आत संगमरवर, पितळ, रंगीत काचा. नियमित प्रार्थना आता होत नाही, ठरावीक दिवशीच ते उघडतं. त्या सजावटीला मोठ्या देणग्या देणारे कोण, तर ससून. मुंबईचा ससून डॉक बांधून झाला तोही १८७५ मध्येच. तो बांधणारे अल्बर्ट ससून, ज्यांनी दिलेल्या पुतळ्यामुळे मुंबईकर एका भागाला अजून काळा घोडा म्हणतात, ते १८९६ मध्ये ब्रायटनमध्येच वारले. पुण्याचं ससून रुग्णालय त्यांच्या वडिलांच्या, डेव्हिड ससून यांच्या देणगीतलं. केम्प टाउन भागात पॅस्टन प्लेसच्या कोपऱ्यावर अल्बर्ट यांनी आधीच स्वतःसाठी समाधिघर बांधून ठेवलं होतं, पॅव्हेलियनचं पिल्लू शोभावं अशा घुमटाचं. १९३३ मध्ये नातू फिलिप यांनी शवपेट्या लंडनला हलवल्या आणि इमारत विकली. पुढे ती एका ब्रुअरीने घेतली आणि शेजारच्या पबला जोडली. मिडल स्ट्रीटपासून तिथवर अर्ध्या तासाची चाल आहे. किनाऱ्याने सोपं पडतं, पण वाऱ्याचा मारा फार. सेंट जेम्स स्ट्रीटने गेलं तर वाटेत खाण्याचीही सोय होते.