घाण कोणी काढायची?



5 डिसेंबरची रात्र होती. आमच्या अभ्यासगटाचे बहुतेक कार्यकर्ते दादरला होते. शिवाजी पार्कात पुस्तकांचा स्टॉल लावला होता. निम्मे स्टॉलवर, निम्मे चैत्यभूमीच्या रांगेत. त्या गर्दीत मोबाइलला नेटवर्क मिळत नाही, हे तिथे गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. इकडे समाजमाध्यमावर आम्ही चालवत असलेल्या ग्रुपमध्ये अभिवादनाच्या पोस्टचा पूर आला होता. रात्री दीडच्या सुमारास त्या पुरात गटाराचं पाणी शिरलं.

बाबासाहेबांच्या फोटोखाली नागडी चित्रं. 'एकटी आहे, बोलायचं आहे का' असले मोडक्यातोडक्या मराठीतले निरोप आणि प्रत्येक निरोपाखाली एक लिंक. खाती मुलींच्या नावाची, फोटो कुठून तरी चोरलेले. एका मिनिटात त्याच मजकुराच्या दहा-दहा कमेंट.

ग्रुपचे अ‍ॅडमिन तिघे. तिघेही पुरुष, आणि तिघेही रांगेत. परीक्षा असल्यामुळे नांदेडला वसतिगृहात थांबलेल्या आमच्या दोन मुली रात्रभर आम्हाला फोन लावत होत्या. त्यांना ती घाण दिसत होती, पण काढता येत नव्हती. डिलीट करायचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता, कारण तो आम्ही त्यांना कधी दिलाच नव्हता. त्या पहाटेपर्यंत नुसतं रिपोर्टचं बटण दाबत बसल्या. सकाळी आमच्या फोनला रेंज आली तेव्हा पहिला मेसेज त्यांचाच होता. "दादा, आधी ग्रुप बंद करा, मग काय झालं ते विचारा."

दोन दिवसांत 37 जणी ग्रुप सोडून गेल्या. त्यातली एक नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. तिचा फोन म्हणजे घरातला एकमेव स्मार्टफोन. सकाळी वडिलांनी तो उघडला आणि समोर ते चित्र. वडील चांगले आहेत, मजुरी करून पोरीला शिकवतात. पण त्यांनी त्या दिवशी फोन काढून घेतला. त्याच महिन्यात स्वाधार योजनेच्या अर्जाची मुदत होती आणि ती माहिती आम्ही त्याच ग्रुपवर टाकत होतो. तिचा अर्ज राहिला. एका यंत्राने टाकलेल्या लिंकची किंमत एका मुलीने वर्षभराच्या राहण्या-जेवणाच्या पैशांत मोजली.

आमची पहिली प्रतिक्रिया तुमच्याही तोंडात लगेच येईल तीच होती. हा मनुवाद्यांचा डाव आहे! मुद्दाम 6 डिसेंबर निवडला! त्याच दिवशी आम्ही तशी पोस्टही लिहून ठेवली. ती टाकण्याआधी एका मित्राने तो मजकूर जसाच्या तसा शोधून पाहिला. तोच मजकूर जुन्या ट्रॅक्टरच्या खरेदी-विक्रीच्या ग्रुपवर होता, एका भजनी मंडळाच्या ग्रुपवर होता, कांद्याचे भाव सांगणाऱ्या ग्रुपवरही होता. पोस्ट आम्ही टाकली नाही.

बॉट म्हणजे माणसासारखं वागणारी आज्ञावली. तिला जात कळत नाही, तिला गर्दी कळते. जिथे जास्त लोक त्या क्षणी हजर आहेत तिथे ती घुसते. शंभर जणांतल्या एकाने लिंक दाबली तरी तिच्या मालकाचं काम होतं. पुढे कुठे पैसे भरायची साइट असते, कुठे फोनमध्ये शिरणारं अ‍ॅप असतं, कुठे व्हिडिओ कॉल रेकॉर्ड करून बदनामीच्या धाकाने पैसे उकळणारी टोळी असते. हा धंदा किती मोठा आहे? 2019 च्या पहिल्या तीन महिन्यांत 220 कोटींच्या घरात बनावट खाती काढल्याचं फेसबुकने स्वतः जाहीर केलं होतं.

म्हणजे बॉट सगळ्यांकडे सारखाच जातो. पण त्याने केलेलं नुकसान सगळीकडे सारखं नसतं. ज्या घरात चार फोन आहेत तिथली मुलगी लिंक पुसून पुढे जाते. आमच्या वस्तीतल्या मुलीचा फोनच जातो, आणि फोनसोबत तिची अभ्यासिका, शिष्यवृत्तीची तारीख आणि चळवळीशी असलेला धागाही तुटतो. भेदभाव करायला प्रत्येक वेळी कुणाच्या मनात द्वेष असावाच लागतो असं नाही. वरून पडणारा पाऊस सारखाच असतो, पण पाणी सखल वस्तीतच साचतं.

तांत्रिक उपाय आम्ही लगेच केले. ग्रुपमध्ये येताना तीन प्रश्न ठेवले. नव्या सदस्याची पहिली पोस्ट तपासूनच पुढे सोडायची, पहिले काही दिवस त्याला लिंक टाकता येणार नाही, असं ठरवलं. आणि त्या दोन मुलींना मॉडरेटर केलं. आम्हाला वाटलं, चला, महिलांना प्रतिनिधित्वही दिलं!

तीन महिने ग्रुप स्वच्छ होता. आम्ही लेख लिहीत होतो, आरक्षणावर वाद घालत होतो, लाइव्ह भाषणं करत होतो. मार्चच्या बैठकीत त्यातली एक उठली आणि शांतपणे म्हणाली, "दादा, तुम्ही लेख लिहिता, आम्ही घाण काढतो. रोज रात्री अकरा ते एक आम्ही हेच बघतो. झोपताना तेच डोळ्यासमोर येतं. माझ्या पुस्तकाची दहा पानंसुद्धा वाचून झाली नाहीत. हे गावातल्यापेक्षा वेगळं काय आहे?"

बैठकीत कुणालाच बोलता आलं नाही. जातीने नुसती कामं वाटली नाहीत, काम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांपासून तोडून उतरंडीत बसवलं, ही बाबासाहेबांची 1936 सालची मांडणी आम्ही शिबिरांत किती वेळा शिकवली असेल! आणि आमच्याच ग्रुपमध्ये आम्ही विचार करणारे वेगळे आणि घाण काढणारे वेगळे करून ठेवले होते. तेही कुणाला न विचारता. मुली आहेत, सोशिक आहेत, रात्री जाग्या असतात, म्हणून.

त्यानंतर आम्ही हे काम जगात कोण करतं ते शोधून वाचलं. समाजमाध्यमं यंत्रं साफ ठेवतात, असं आपल्याला वाटतं. यंत्र बरंच काढतं, पण जे त्याला कळत नाही ते माणसाच्या डोळ्यांपुढे जातं. ती माणसं बहुतेक वेळा कंपनीची नोकर नसतात, कंत्राटी असतात. मनिलातल्या अशा कामगारांवर 2018 मध्ये 'द क्लीनर्स' हा माहितीपट निघाला. त्याच्या नावाचा अर्थच सफाई करणारे! आपल्या हैदराबादेतही हे काम चालतं. 2020 मध्ये अमेरिकेतल्या मॉडरेटरांना झालेल्या मानसिक इजेच्या खटल्यात फेसबुकने 5 कोटी 20 लाख डॉलर देऊन तडजोड केली. आज ज्या चॅटजीपीटीचं एवढं कौतुक चालतं, त्याला अश्लील आणि हिंसक मजकूर ओळखायला शिकवण्यासाठी केनियातल्या कामगारांनी तसले मजकूर वाचून वाचून वेगळे केले. तासाला 2 डॉलरपेक्षा कमी मजुरीवर, हे टाइम नियतकालिकाने जानेवारी 2023 मध्ये उघड केलं.

गटारात उतरणाऱ्या माणसाशी याची बरोबरी आम्ही करत नाही. त्याचा जीव जातो, आणि 2013 चा कायदा असूनही जातो. पण व्यवस्थेचा मेंदू तोच आहे. घाण सगळ्यांनी करायची, काढायला एक वेगळा माणूस ठेवायचा, तो दिसू द्यायचा नाही, आणि त्याला काही झालं तर तो आमचा नव्हे, कंत्राटदाराचा, असं म्हणायचं. नैरोबीतल्या मॉडरेटरांनी याला उत्तर दिलं. 1 मे 2023 रोजी दीडशेहून अधिक जण एकत्र आले आणि त्यांनी संघटना स्थापन करायचा ठराव केला. संघटित होण्याचा मंत्र आपल्या घरचा आहे. मग आपल्या आयटीतल्या, कॉल सेंटरमधल्या पोरांना हे कोण सांगणार?

मुलींचा भार कमी करायचा म्हणून आम्ही एक चूक आणखी केली. शब्दांची गाळणी लावली. शिव्या, शरीराच्या अवयवांची नावं, जातिवाचक शब्द, अशी लांबलचक यादी यंत्राला दिली आणि निर्धास्त झालो. आठवडाभरात यंत्राने काय अडवलं? एका मातंग मित्राने आपल्या समाजाच्या प्रश्नांवर लिहिलेली पोस्ट अडवली, कारण त्यात त्याच्या जातीचं नाव होतं. अत्याचाराच्या फिर्यादीतला मजकूर अडवला, कारण आरोपीने दिलेली शिवी त्यात लिहिलेली होती. वसतिगृहातल्या सॅनिटरी पॅडच्या मागणीचं निवेदन अडवलं. नामदेव ढसाळांवरचा लेख अडवला. आणि बॉट? बॉटने अक्षरांच्या मध्ये ठिपके घातले आणि आरामात आत आला.

'गोलपिठा' 1972 साली आला तेव्हा त्यातली भाषा पांढरपेशा वाचकांना सोसवली नव्हती. पन्नास वर्षांनी तेच सोवळं आम्ही स्वतःच्या हाताने यंत्रात भरलं! अश्लीलतेच्या नावाखाली आजवर कुणाचं तोंड बंद केलं गेलं, हे आपल्याला माहीत असायला हवं. तोच शब्द एकाच्या तोंडी शिवी असतो, दुसऱ्याच्या तोंडी साक्ष असते. हा फरक यादीला कळत नाही, माणसाला कळतो. म्हणून माणूस लागतोच. प्रश्न एवढाच, की तो माणूस कोण आणि किती वेळ?

आता आमच्याकडे पाळ्या आहेत. लेख लिहिणारा, भाषण करणारा, जुना, नवा, प्रत्येकाला आठवड्यातून एक रात्र, फक्त एक तास. गटाच्या अध्यक्षालाही. जो पाळी चुकवेल त्याचा लेख त्या आठवड्यात लागत नाही. हा नियम त्या मुलींनीच सुचवला, आणि त्यात पहिला सापडला तो आमच्यातलाच एक मोठा वक्ता.

कामाचेही आम्ही तीन ढीग केले. पहिला ढीग यंत्राचा. नवं खातं, तोच मजकूर, लिंक. वाद घालायचा नाही, उत्तर द्यायचं नाही, काढायचं आणि खातं बंद करायचं. बॉटला शिव्या देण्यात आमच्या पोरांनी किती रात्री घालवल्या!

दुसरा ढीग माणसाचा. बॉटच्या गर्दीत लपून आमच्या मुलींविषयी जातीचं नाव घेऊन घाणेरडं लिहिणारी चार-पाच खाती आम्हाला सापडली. ती यंत्रं नव्हती. बॉटवर अ‍ॅट्रॉसिटी लागत नाही, माणसावर लागते. अशा वेळी डिलीट करण्याची घाई नको. आधी खात्याचा पत्ता, तारीख, वेळ यांसह पुरावा जपायचा, मग तक्रार. अनुसूचित जाती-जमातीच्या स्त्रीला उद्देशून लैंगिक स्वरूपाचे शब्द वापरणं आणि या समाजांना आदरणीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा लेखी अवमान करणं, हे दोन्ही 2015 च्या दुरुस्तीने त्या कायद्यात स्पष्ट गुन्हे झाले आहेत. कुणाचा नग्न किंवा बनावट जोडलेला फोटो टाकला असेल, तर त्या व्यक्तीच्या तक्रारीवर तो हटवण्यासाठी 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी कंपनीला 24 तासांची मुदत घालून दिली. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार करता येते. आणि चित्र लहान मुलाचं असेल तर 'पुरावा' म्हणूनसुद्धा ते कुणाला पाठवू नका, जपूनही ठेवू नका. ते जवळ बाळगणं, फिरवणं हाच गुन्हा ठरू शकतो. लिंक नोंदवा आणि थेट तक्रार करा.

तिसरा ढीग आपल्या माणसांचा. तिथे हात जपून लावायचा. पोस्ट अडवली तर लिहिणाऱ्याला कारण सांगायचं, आणि आमची चूक असेल तर तिथेच, सगळ्यांसमोर कबूल करायची.

अ‍ॅडमिन व्हायला आपले तरुण घाबरतात, उद्या पोलीस आपल्यालाच धरतील म्हणून. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे, की दुसऱ्या सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, समान हेतू दिसत नसेल, तर केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. भीती सोडा, जबाबदारी सोडू नका.

काही मित्र म्हणतात, हे परक्यांचं अंगण आहे, सोडून द्या. 1920 साली 'मूकनायक' निघाला तेव्हा पैसे देऊनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नव्हती. बाबासाहेबांनी आपलं पत्र चालवलं. आपणही उद्या आपलं अंगण उभारू, उभारायलाच हवं. पण तिथेही बॉट येणार आहेत. तिथेही रात्री एक वाजता कुणीतरी जागं राहून घाण काढणार आहे. ते कोण, हे आज ठरवलं नाही तर आपल्या अंगणातही तीच उतरंड उभी राहील.

या 14 एप्रिलला रात्री बारानंतर पुन्हा बॉट आले. पाळीवर आमचे अध्यक्ष होते. मिरवणुकीतून बाजूला होऊन ते एका बंद दुकानाच्या पायरीवर तासभर बसून राहिले. त्या रात्री ग्रुपमधून एकही मुलगी गेली नाही.

ती नर्सिंगची मुलगी मात्र अजून परतलेली नाही. आमच्यातले दोघे तिच्या वडिलांना भेटायला गेले होते. वडिलांनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. फोन दिला नाही. आम्ही पुन्हा जाणार आहोत, आणि या वेळी त्या दोन मुलींना सोबत नेणार आहोत. नव्हे, त्या जाणार आहेत आणि आम्ही त्यांच्यासोबत.

जय भीम!