आधी चपला काढा

"छातीत कधी दुखतं का, काका?"

"छे! छातीचं काही नाही. डाव्या पोटरीत गोळा येतो तेवढा. थांबलो की जातो."

कासारवडवलीचे हे काका पूर्वी मानपाड्यापर्यंत पायी जायचे. आता सोसायटीच्या फाटकापाशीच अडतात. छाती का दुखत नाही, याचं उत्तर त्या पायातच होतं. हृदयाला कुरकुर करावी लागेल इतकं चालणं पाय होऊच देत नव्हता.

म्हणून अँजिओग्राफीची सीडी घेऊन कुणी आलं, की मी आधी चपला काढायला सांगतो. पावलाची नाडी चाचपतो. घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबानं भागतो. उत्तर ०.९ च्या खाली आलं की पायाच्या धमन्यांवर संशय घ्यायचा. काकांचं ०.५ आलं.

शिरेचा तुकडा जोडून बंद धमनी ओलांडायची ही विद्या आधी पायावर चालली. पॅरिसमध्ये ज्याँ कुनलिन यांनी १९४८ मध्ये ती पायासाठी वापरली. क्लीव्हलँडच्या रेने फावालोरो यांनी १९६७ मध्ये पायातलीच शीर हृदयाला लावली. आमच्या धंद्यात पाय थोरला भाऊ आहे, पण मान धाकट्याला.

काकांच्या डाव्या मुख्य कोरोनरीत मोठा ब्लॉक होता. थांबायला सवड नव्हती. अशा वेळी आमचा हात आपसूक बरगड्यांमागच्या डाव्या मॅमरी धमनीकडे जातो. हृदयाला जोडली की ती वर्षानुवर्षं खुली राहते. पण सीटीत दिसलं, की ओटीपोटातली डावी धमनी पार बंद आहे आणि हीच मॅमरी पोटाच्या भिंतीतल्या वाटेनं उतरून डाव्या पायाला रक्त पोचवते आहे.

घोडबंदर रोडचे सेवा रस्ते मुख्य रस्त्यात मिळवायचं काम निघालं, तेव्हा इथल्या रहिवाशांनी विचारलं होतं, "मग आम्ही आतल्या आत जायचं कुठून?" काकांच्या पायाचाही प्रश्न तोच होता.

डावी मॅमरी जागीच ठेवली. उजवी मॅमरी घेतली आणि उजव्या, बऱ्या पायातली शीर. ओटीपोटातल्या बंद धमनीत स्टेंट छातीची जखम भरून आल्यावर घालायचा ठरला.

रात्री आयसीयूत मॉनिटरकडे बघायच्या आधी मी काकांच्या पायावरचं पांघरूण सारलं.

"सर, ऑपरेशन छातीचं झालंय ना?" नव्या सिस्टरनं विचारलं.

मी तिचा हात डाव्या पावलावर ठेवला. पाऊल कोमट होतं.