तुझ्या तिसऱ्या पानाबद्दल

नाशिक

चि. छकुलीस,


शाळेसाठी लिहिलेल्या तुझ्या मेमॉयरचा दुसरा ड्राफ्ट मिळाला. छापून घेतला आणि पेन्सिल हातात धरून सावकाश वाचला. शेवटचा ड्राफ्ट द्यायला आता थोडेच दिवस आहेत, म्हणून लगेच लिहिते आहे. शनिवारच्या मराठी शाळेमुळे तुला माझं अक्षर लागतं, हे माहीत आहे. कुठे अडलं तर मला फोन कर. आईला इतक्यात विचारू नकोस. का ते पुढे कळेल.

आधी सरळ सांगते. पहिली दोन पानं काढून टाक. तुझ्या डब्याला शाळेत नाकं मुरडली जातात, तो प्रसंग सफाईने लिहिलायस, इंग्रजी कुठे अडखळत नाही, पण तो प्रसंग तुझा नाही. तू राहतेस न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये. लाखभर वस्तीच्या त्या गावात निम्म्याच्या आसपास माणसं आशियाई वंशाची. ओक ट्री रोडवर साडीपासून समोशापर्यंत सगळं मिळतं, आणि तुझ्या टेबलावर जेवायला बसणाऱ्या मैत्रिणींची नावं मला पाठ आहेत. त्यातली कोण तुझ्या मेथीच्या पराठ्याला नाक मुरडेल? तुझ्याआधी तिकडे गेलेल्या, वर्गात एकट्या पडलेल्या मुलांनी ते खरोखर सोसलं आणि पुढे लिहिलं. तू ते वाचलंस, तुला ते पटलं, आणि लिहायला बसल्यावर हाताशी तेच आलं. पण हे लिखाण तुझ्या नावाने फाइलमध्ये राहणार आहे. त्यात उसनी आठवण नको.

आता तिसरं पान. तिथे मधेच दोन वाक्यं आहेत. सहावीत असताना एका संध्याकाळी तू बेसमेंटच्या जिन्यात उभी होतीस. खाली आजी घडीच्या टेबलावर बदाम सातचा डाव मांडून बसली होती. पत्ते दोघींचे वाटलेले, एक हात तिचा आणि एक तुझा. दोन्ही हात तीच खेळत होती. तू खाली गेली नाहीस. पुढच्याच ओळीत तू विमानतळावर पोचलीस, आणि मग ‘माझी संस्कृती’ सुरू झाली.

छकुले, तुझं मेमॉयर त्या जिन्यात आहे. तिथे थांब. तू किती पायऱ्या उतरली होतीस? हात कठड्यावर होता का? आजीच्या अंगावर तो बाबांचा जुना स्वेटर होता का, साडीवरून घातलेला? फोनवर बोललो तेव्हा तू सहज म्हणालीस, की ती स्वतःच्या हातातली इस्पिकची अठ्ठी मुद्दाम आधी सोडत होती, म्हणजे तुझा हात अडू नये. हे तू कागदावर लिहिलंच नाहीस! बदाम सातमध्ये पत्ता अडवून धरण्यात अर्धा खेळ असतो आणि आमच्या आईइतकं निर्दयपणे पत्ते अडवणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. मे महिन्याच्या सुट्टीत आम्हा भावंडांना तिने रडवलंय. ती बाई समोर नसलेल्या नातीला जिंकू देत होती. एवढं एक नीट दिसलं, तर आजी कोण होती हे वर्गातल्या कुठल्याही मुलाला वेगळं सांगावं लागणार नाही. बदाम सात कसा खेळतात तेही परिच्छेदभर समजावू नकोस. अठ्ठी सोडली की पुढची वाट मोकळी होते, एवढं एका वाक्यात येऊ दे.

तुझ्या बाईंनी समासात विचारलंय की यातून तू काय शिकलीस. म्हणून तू शेवटी तो परिच्छेद जोडलास, मुळांचा अभिमान वगैरे. बाईंवर रागावू नकोस, त्यांच्यापुढे गुणांचा तक्ता असतो. तो तक्ता ज्यावरून येतो ते मी मुद्दाम काढून वाचलं. २०१० मध्ये ‘कॉमन कोअर’ नावाचे शालेय निकष आले, पुढे न्यू जर्सीनेही आपले निकष त्याच वळणाचे ठेवले. नववी-दहावीच्या कथनलेखनाबद्दल त्यात म्हटलंय, की लेखात जे अनुभवलं, पाहिलं किंवा ज्याचा उलगडा झाला, त्यावरचा विचार शेवटात यावा. यातलं कुठलंही एक चालतं. तुझ्या बाबतीत उलगडा झालेला नाही. आजी मार्चमध्ये तुमच्याकडून नाशिकला परत आली, पुढच्या वर्षी वारली, आणि तू खाली का गेली नाहीस हे तुला आजही नक्की सांगता येत नाही. मग तसंच लिही. जिन्यातून काय दिसलं आणि आज ते आठवताना मनात काय येतं, एवढा विचार पुरेसा आहे. बाईंना हे जाऊन सांग. मन लावून शिकवणाऱ्या बाई आहेत, त्यांच्या शेऱ्यांवरून कळतं. त्या ऐकतील.

तुला एक पुस्तक वाचायला सांगणार आहे, लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. शांता गोखल्यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर २०१७ मध्ये आलंय, ते मागव. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. १८९५ मध्ये नवऱ्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा त्यांच्या पायाखालची जमीन सरकली, पुढची काही वर्षं दोघं वेगळी राहिली. इतकं सोसलेली बाई त्याचा अर्थ लावत बसत नाही. घरात कोण होतं, कोण काय बोललं, हे सांगते आणि पुढे जाते. आपण वाचणारेच मागे रेंगाळतो. तुमच्या वर्गात नमुन्याला ‘द हाउस ऑन मँगो स्ट्रीट’ दिलंय म्हणालीस. छोटे छोटे तुकडे कसे लिहावेत हे त्यातून छान शिकता येतं. पण ती कादंबरी आहे, हे लक्षात ठेव. तिथे लेखिकेला प्रसंग रचायची मुभा होती, तुला नाही.

आणखी एक अडचण तू विचारली होतीस, की ‘मी’ म्हणताना सहावीतली मी की आत्ताची मी? दोघीही हव्यात. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. माणूस एकच, पण सोसणारा वेगळा आणि लिहिणारा वेगळा. तू इतकं उघड करायची गरज नाही. मात्र जिन्यातल्या मुलीच्या तोंडी आजचं शहाणपण घालू नकोस. तिला त्या संध्याकाळी गृहपाठ होता आणि मैत्रिणीचा मेसेज यायचा होता. तिला तेवढंच कळत होतं. राहू दे तिला तसं.

आता आईचं. आजी आणि आई यांच्यात स्वयंपाकघरात झालेलं भांडण तू चौथ्या पानावर शब्दन् शब्द लिहिलंयस. आईने ते वाचलं तर तिला लागेल, आणि तू विचारलंस की मग खरं लिहायचं की नाही. फ्रँक मॅकोर्टचं उदाहरण बघ. न्यूयॉर्कच्या हायस्कुलांत जवळपास तीस वर्षं इंग्रजी शिकवणारा हा मास्तर मुलांना घरच्या गोष्टी लिहायला लावायचा. त्याचं स्वतःचं ‘अँजेलाज ॲशेस’ १९९६ मध्ये आलं, तेव्हा तो सहासष्ट वर्षांचा होता. आई त्याआधीच गेलेली होती. तरीही लिमरिकमधली काही माणसं चिडली, आमच्या गावाचं हे चित्र खोटं आहे म्हणाली. तुझी आई तर रोज सकाळी तुझ्यासमोर चहा पिते.

माझं मत असं. वरच्या मजल्यावर आवाज चढले आणि त्यानंतर आजी खाली बेसमेंटमध्ये जाऊन बसली, हे तू पाहिलंस, ते ठेव. त्याशिवाय ती खाली एकटी का, हे कळणार नाही. पण त्या दोघी काय बोलल्या ते काढ. तू दाराआडून अर्धं ऐकलंस. ज्या गोष्टीवरून ते झालं तिची सुरुवात तुझ्या जन्माआधीची आहे, नाशिकच्या घरातली, आणि ती सांगायची तर आईने सांगावी. काढलेला मजकूर फेकू नकोस, तुझ्याजवळ ठेव. आम्ही कॉलेजात असताना सुनीताबाईंचं ‘आहे मनोहर तरी’ नुकतंच आलं होतं. तुझ्या आईने ते रात्र जागून वाचलं होतं आणि त्यातल्या स्पष्टपणावर ती माझ्याशी तासन्‌तास बोलली होती. तिला खरं लिहिण्याची किंमत कळते. म्हणून सांगते, शेवटचा ड्राफ्ट देण्याआधी तो तिला मोठ्याने वाचून दाखव. परवानगी मागू नकोस, नुसतं वाच.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली होती. आजी तुमच्याकडे होती त्या हिवाळ्यात ती मला दर रविवारी फोन करायची. तिकडे दिवस कसा जातो विचारलं की म्हणायची, ‘छकुली येते ना शाळेतून, मग आम्ही पत्ते खेळतो.’ मी ते खरंच धरून चालले होते. तुझं तिसरं पान वाचेपर्यंत मला दुसरं काही माहीत नव्हतं. हे वाचून तुला रडू येईल, मलाही आलं. पण तुझ्यापासून ते लपवून ठेवणं मला बरोबर वाटलं नाही. लेखात घालायचं की नाही ते तू ठरव. घातलंस तर मावशीने नंतर सांगितलं असं स्पष्ट लिही, कारण जिन्यात उभ्या असलेल्या मुलीला ते ठाऊक नव्हतं.

आजीचा फोटो हवा होता तुला फाइलला लावायला. सणावाराला काढलेले पाठवत नाही, त्यात ती ओळखू येत नाही. आमच्या ओसरीवरचा एक सापडलाय, हातात पत्ते आहेत आणि ती कॅमेऱ्याकडे बघायला तयार नाही. स्कॅन करून उद्या पाठवते. शीर्षकाचं म्हणशील तर ‘माय रूट्स’ नको. ‘बदाम सात’ इंग्रजी लिपीत तसंच ठेव. वाचणारा विचारेल, मग सांग. शब्दमर्यादा बाराशे आहे ना? पहिली दोन पानं गेली की जिन्यासाठी भरपूर जागा होते.

रविवारपर्यंत नवा ड्राफ्ट पाठव. रात्री उशिरा पाठवलास तरी चालेल, तेव्हा आमच्याकडे सकाळ असते आणि मी जागीच असते.

तुझी
मावशी